गुणाजीचा पांढरा पाईप

पौषातलं धुकं खाडीवरून उठतं आणि दबक्या पावलांनी ठाकुर्लीत शिरतं. आधी रुळांपलीकडची झाडं जातात, मग गच्च्यांवरच्या टाक्या, मग इमारतींचे वरचे मजले. शेवटी उरतो तो कोपऱ्यावरचा चहावाला, त्याच्या शेगडीची निळी ज्योत आणि तिच्याभोवती उभे असलेले चार मफलर, ज्यांच्या आत माणसं असावीत असा आपला अंदाज. अशाच एका सकाळी गुणाजी चोळेगावाच्या अंगाला एका इमारतीच्या मागच्या बोळात उभा होता आणि त्यानं आपला उजवा कान पायपाला लावला होता.

असा कान लावला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी तांदूळ धूत होतं. तांदळाचं पाणी जाताना जाड, मऊ आवाज करतं, घोंगडीवरून हात फिरवल्यासारखा. त्याच्याही वर कुणी चूळ भरली. मग कुठल्याशा मशीनचं पाणी सुटलं आणि ते मात्र जत्रेतल्या पोरांसारखं ढकलाढकली करत खाली आलं. धुक्यात इमारत दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

"मामा, झालं का? माझा डबा राहिलाय हां!"

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून स्वप्नाचं डोकं बाहेर आलं. दिवाळीनंतर लग्न होऊन या घरात आलेली मुलगी. सिंकमधून वास येतो म्हणून तिनं गुणाजीला बोलावलेलं.

"डबा भर की. पाणी सोडू नको फक्त," गुणाजी डोळे न उघडता म्हणाला. "आलो वर."

वर आल्यावर त्यानं सिंकखाली डोकं घातलं आणि हसला. आधीच्या कुणीतरी मशीनची नळी थेट खालच्या पायपात खुपसून दिली होती, मध्ये काही न ठेवता. त्यानं नळी काढली, तिला वेगळा उभा पाईप दिला आणि त्याच्या पायथ्याशी वाकडा बाक बसवला, हत्तीच्या सोंडेसारखा खाली जाऊन परत वर येणारा. मग तांब्याभर पाणी ओतून स्वप्नाला दाखवलं.

"ह्या बाकात घोटभर पाणी कायम बसून राहतं. ते पाणी म्हणजे दार. खालचा वास वर यायला बघतो, तर हे त्याला म्हणतं, थांब रे बाबा, आत बायामाणसं आहेत."

स्वप्ना हसली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे मामा, हे सगळं त्या संडासच्या पायपात जातं?"

"जातं की."

"शी!"

"शी काय त्यात? बाक ओलांडला की ते पाणी तुझं नाय राहिलं. ते गावचं झालं."

हे वाक्य गुणाजी गेली कित्येक वर्षं डोंबिवलीभर सांगत आला होता. आयाबायांनी ते ऐकलं होतं, मानलं होतं, आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं होतं. एका घरात मात्र ते चाललं नव्हतं. ते घर त्याचं स्वतःचं.

गुणाजी मूळचा संगमेश्वराकडचा. मिसरूड फुटायच्या आधी चुलत्याचं बोट धरून इकडे आला तेव्हा डोंबिवलीच्या भातशेतांत इमारती उगवत होत्या. एका फोरमनच्या हाताखाली तो बिडाचे पाईप खांद्यावरून वाहायचा. ओतीव लोखंडाचे ते पाईप इतके गार असायचे की वैशाखातल्या दुपारी जेवण झाल्यावर तो त्यांच्याच पोटाशी पाठ लावून झोपायचा. तिथेच त्याला ती सवय लागली. झोपेत पायपातून आवाज यायचा. रिकाम्या पायपातून येतो तो, समुद्रासारखा. त्यात त्याला गावच्या वहाळाचं पाणी ऐकू यायचं, आणि जाग आली की क्षणभर कळायचं नाही की आपण कुठल्या अंगाला आहोत.

तेव्हापासून त्याला इमारती वेगळ्याच दिसू लागल्या. नव्वद फुटी रस्त्यानं चालताना लोकांना भिंती दिसतात, खिडक्या दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. गुणाजीला भिंती दिसायच्याच नाहीत. त्याला नुसते पाईप दिसायचे. उभे, आडवे, फांद्या फुटलेले, शेंड्याला जाळीची टोपी घालून आभाळात श्वास सोडणारे. अख्खं शहर म्हणजे एक पाईपांचं रान, आणि त्याच्या फांद्याफांद्यांवरून सकाळसंध्याकाळ पाणी उतरतंय, कुणाचं डाळीचं, कुणाचं साबणाचं, कुणाचं रडून तोंड धुतल्याचं. त्या रानातून तो मान वर करून चालायचा आणि रिक्षावाले त्याला शिव्या घालायचे.

घर त्याचं ठाकुर्लीतच, रुळांलगतच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पुढच्या बाजूला मोरी, मागे सैपाकघर आणि त्याला लागून चिंचोळी गॅलरी. कलावतीनं त्या मोरीत उकिडवं बसून सगळा संसार घासला, विसळला, पालथा घातला. पण गेल्या गणपतीत ती मोदकपात्र घासायला बसली ती उठेचना. गुडघे म्हणाले, बास. वरच्या मजल्यावरची रखमाबाय धावत आली आणि दोघांनी मिळून कलावतीला उभं केलं.

मग ठरलं. सैपाकघरात ओटा वाढवायचा, सिंक बसवायचं, म्हणजे उभ्यानं भांडी होतील. आणि सूरजनं, त्यांच्या मुलानं, घेऊन दिलेली कपड्यांची मशीन गॅलरीत होती ती सुरू करायची. पाणी जायला वाट नसल्यानं ती अजून फुलाफुलांचं कव्हर घालून बसली होती आणि तिच्या डोक्यावर लोणच्याची बरणी होती.

"तासाभराचं काम," गुणाजी गॅलरीत उभा राहून म्हणाला होता. "इथंच तर हाय पाईप."

कलावतीनं त्या काळ्या बिडाच्या पायपाकडे पाहिलं. "हा तर त्यातला."

"कशातला?"

"आता माझ्याच तोंडून वदवून घेनार काय वो, सकाळीसकाळी?"

"अगं, बाक बसवतो ना मधी. पानी खाली जातं, वर येत नाय."

"वास तर येतो ना? म्हंजे वाट हाय."

"बाकातलं पानी म्हंजे दार असतं, कला."

"असूंदे दार. दारापलीकडं कोन राहतं तेबी बघावं लागतं मानसानं. तिथं मी देवाची भांडी धुनार, आनी ते पानी त्याच्यात? नाय. दुसरा पाईप टाका."

दुसरा पाईप टाकायला जागाच नव्हती. तळमजल्यावर हितेशभाईचं गोदाम थेट भिंतीला टेकलेलं. त्याच्या पत्र्यातून बिडाचा पाईप जातो तेवढंच एक भोक. "गुणाजीभाई, ह्या एका भोकातून पावसाळ्यात माझे पुठ्ठे भिजतात," हितेशनं हात जोडले. "दुसरं पाडलंत तर मी गोदामात होडी ठेवू काय?" पुढच्या मोरीच्या पायपाकडे न्यायचं तर मधल्या खोलीतून, झोपायच्या जागेवरून न्यायला लागलं असतं.

दिवाळीला सूरज आईला ठाण्यात माजिवड्याला, आपल्या टोलेजंग इमारतीतल्या घरी घेऊन गेला, चार दिवस आराम म्हणून. चार दिवसांचे आठवडे झाले. आणि मागच्या आठवड्यात कलावतीचा फोन आला: "संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी येते. देव न्यायला."

गुणाजीनं फोन ठेवला आणि देव्हाऱ्याकडे पाहत बसला. तिथं त्याच्या आजाच्या हातचे चांदीचे टाक होते, बाळकृष्ण होता, एक झिजून चेहरा गेलेली अन्नपूर्णा होती. माणूस पोराकडे राहायला गेलं तर ते राहायला गेलं असं म्हणता येतं. देव हलले की घर हललं. मग कलावती परत यायची नाही. आणि गुणाजीला तिकडे जाऊन राहणं जमायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकदा राहून पाहिलं होतं त्यानं. इतक्या वर त्याला झोप लागत नव्हती. भिंती मुक्या होत्या. कान लावायला काही नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी तो माजिवड्याला गेला. लिफ्ट वर चढताना कानांत दडे बसले आणि दार उघडलं तर समोर सान्वी, त्याची नात, दोन्ही हातांत लिंबाएवढे तीळगुळाचे लाडू घेऊन उभी.

"आजोबा, आजी आता इथेच राहणार ना? देवपण येणार आहेत. मी त्यांच्यासाठी कपाट रिकामं केलंय."

"असं?" गुणाजी म्हणाला. त्यानं वाकून तिच्या हातातला एक लाडू घेतला.

कलावती सैपाकघरात होती. उभी. पदर खोचलेला, समोर चकचकीत सिंक, आणि तिच्या हातातून ताटं पाण्याखाली फिरत होती, एकेक करत, घाई नसल्यासारखी. खिडकीतून उतरतं ऊन तिच्या मनगटांवर पडलं होतं. गुणाजी चौकटीशी थबकला. इतकी वर्षं त्यानं तिला भांडी घासताना वरून पाहिलं होतं, तिचा भांग, तिची वाकलेली पाठ. आज पहिल्यांदा भांडी घासताना तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर होता.

"बघा," ती म्हणाली. "उभ्यानं घासते. गुडघा बोलतसुदिक नाय."

"बरं दिसतंय," तो म्हणाला.

सुनेनं, मेघनानं, चहा आणून दिला. "बाबा, तुम्हीपण या ना खरंच. ती खोली बंद करून टाका. आईंना एकटं वाटतं, बोलत नाहीत त्या, पण मला कळतं."

"मला कुठं एकटं वाटतं गं?" कलावती आतून म्हणाली. "तू काय पन."

चहा घेता घेता गुणाजीची नजर मागच्या छोट्या बाल्कनीकडे गेली. तिथं भिंतीत पांढरं दार होतं, माणूस आडवा होऊन शिरेल एवढं. हात शिवशिवले. त्यानं कडी काढली.

आत अंधार होता, आणि त्या अंधारातून सगळ्या मजल्यांचा श्वास वर येत होता. मुक्या भिंतींचा घसा तो हाच. गुणाजीनं मोबाइलचा उजेड मारला. एकच पाईप. पांढरा, जाड, खालून वर धुक्यात गेल्यासारखा गेलेला. त्याला एका बाजूनं संडासची फांदी, दुसऱ्या बाजूनं न्हाणीची, आणि वरून तिरकी येऊन मिळालेली सैपाकघराची. कलावती आत्ता ज्या ताटावर पाणी सोडत होती ते पाणी त्याच्या डोळ्यांदेखत त्या पायपात उतरत होतं.

एक वाक्य. तेवढं पुरलं असतं. "कला, इथंबी तोच हाय." ती ताट खाली ठेवील, हात पुसील, आणि दिवेलागणीला ठाकुर्लीत असेल. शब्द त्याच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसला, गोड लागला. आणि मग त्याला पुढचं दिसू लागलं. कलावती या घरात पुन्हा येईल, पण पाणी पिताना पेल्यात बघेल. मेघना हौसेनं पुरणपोळी करील आणि कलावती म्हणेल, पोट भरलंय गं. सान्वी रिकाम्या कपाटापाशी उभी राहील.

त्यानं दार लावलं. कडी घातली.

"काय बघत व्हतात?" कलावती हात पुसत मागे येऊन उभी होती.

"काय नाय. पायपाचा रंग."

"रंग?"

"पांढरा हाय," गुणाजी म्हणाला.

कलावतीनं त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि आत गेली.

जेवण होऊन तो सोफ्यावर कलंडला. खाली हायवेवरून गाड्यांचे दिवे वाहत होते, एका अंगाला पांढरे, एका अंगाला तांबडे. डोळा लागला. स्वप्नात तो एका पायपातून चालत होता. पाईप घाटातल्या बोगद्याएवढा, पायांत कोमट पाणी, पाण्यावर तांदळाचे दाणे तरंगतायत चांदण्यांसारखे. पुढे दोन वाटा एकमेकींना मिळत होत्या. एकीतून ठाकुर्लीचं पाणी येत होतं, दुसरीतून माजिवड्याचं, आणि मिळाल्यावर कुठलं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. पुढं खाडी होती. कुठली खाडी ते स्वप्नात कळत नव्हतं. जागा झाला तेव्हा त्याच्या डोक्यात एक पांढरा पाईप पक्का बसलेला होता.

युक्ती साधी होती. ठाकुर्लीच्या सैपाकघरात सिंक बसवायचं, त्याच्यापासून नवा पांढरा पाईप भिंतीतून गॅलरीत काढायचा आणि बिडाच्या पायपाशेजारून हातभर अंतर सोडून सरळ खाली न्यायचा. खालच्या मजल्याच्या छज्ज्यापर्यंत. गॅलरीतून वाकून पाहिलं तरी नजर छज्ज्याच्या पुढे जात नाही. आणि छज्ज्याखाली, कुणाला दिसणार नाही तिथं, तो आत वळवून बिडाच्या पायपातच सोडायचा. दिसायला वेगळा, म्हणजे वेगळा.

काम म्हणून ते भिकार होतं. छज्ज्याखाली जागाच इतकी की वळण जवळपास आडवं पडत होतं, उताराला वाव नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर गुणाजीनं त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली असती. पण कलावती देव न्यायला येणार होती.

एक अडचण होती. बिडाचा पाईप कापायचा तर वरच्या मजल्यावरून त्या वेळात काही खाली येऊन चालत नाही. गुणाजी दारोदार सांगत सुटला. वरच्या मजल्यावर पोचला तेव्हा रखमाबाय सुकट निवडत बसली होती. रखमाबाय चोळेगावातली आगरीण. तिचा आवाज पलीकडच्या फलाटावर जातो.

"काय बोल्तंस? तासभर कुनी जायाचा नाय? आमच्या घरान म्हातारा हाय, त्याला काय तुज्या घड्यालाव बसवू?"

"तासभर फक्त, रखमाबाय. त्यांना उद्या सकाळी चहा देऊ नका."

"चा नाय दिला तर तो पाईप सोर, तुलाच कापील!"

"कलासाठी करतोय," गुणाजी हळूच म्हणाला. "ती येणारे परवा."

रखमाबायचे हात सुकटीवर थांबले. "येनार हाय? मंग आदी सांगाचा ना! कर, कर. मी बसतू म्हाताऱ्याच्या दाराशी."

संक्रांतीची सकाळ. धुकं पुन्हा उतरलेलं. गुणाजी छज्ज्यावर मांडी घालून बसला, खाली वाकून करवतीच्या पात्यानं बिडाचा तुकडा कापून बाजूला काढला, आणि पायपाचं तोंड उघडं पडलं. आत काळोख, आणि काळोखात शांतता. इतक्या वर्षांत त्यानं हा पाईप कधी गप्प ऐकला नव्हता. वरची सगळी घरं श्वास धरून बसली होती, त्याच्यासाठी. नळ बंद, फ्लशच्या साखळ्या बंद. धुक्यात कुठंतरी कोंबडा आरवला आणि गुणाजीला वाटलं, आपण गावच्या वहाळापाशी बसलोय, पाणी अजून डोंगरावर आहे, निघालेलं नाही.

ते निघालं. वरून धडधडत आलं.

"ए! कोन हाय रे!" गुणाजीनं उडी मारून अंग भिंतीला चिकटवलं.

"म्हातारा नाय आयकला!" वरून रखमाबायचा आवाज आला. "मी बसलेली दाराशी, तो मागल्या दारानं गेला!"

दुसऱ्या दिवशी सूरजनं आईला सोडलं आणि तो कुणाला तरी भेटून येतो म्हणून निघून गेला. संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता. कलावतीच्या हातात रिकामी कापडी पिशवी होती, आत मऊ फडकं, देव गुंडाळायला. ती दारातून आली, चप्पल काढली आणि तिला ओटा दिसला. ओट्यात सिंक. पिशवी तिनं खुंटीला अडकवली आणि काही न बोलता नळ सोडला. पाणी गेलं. तिनं गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं.

"हा कुठं गेला?"

"खाली."

"वेगळा?"

"वेगळा दिसतोय ना?" गुणाजी म्हणाला.

"हितेशभाईनं दिलंन भोक?"

"... दिलंन."

कलावतीचा चेहरा उजळला. अशी उजळलेली ती त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती, आणि बघवेना. ती देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा घेऊन आली. सिंकच्या काठाला तिनं हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, दोन अक्षता टाकल्या, आणि हात जोडले. गुणाजी खिडकीबाहेर बघत राहिला. छज्ज्याखालचं ते आडवं वळण त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात रखमाबाय तीळगूळ घेऊन आली.

"आयलीस गं बाय! तुज्या सिंकापायी आमच्या म्हाताऱ्यानं काल काय तमाशा केला, इचारू नको. तासभर दाबून बसा म्हंतो तुजा नवरा, आख्ख्या बिल्डिंगला!"

कलावती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "तासभर? का?"

"पाईप कापलेला ना त्यानं."

"कुठला पाईप?"

"अगं संडासचा, आनी कुठला? त्यात सोराचा तर..." रखमाबायनं गुणाजीच्या तोंडाकडे पाहिलं. मग कलावतीच्या. मग सिंकवरच्या हळदीकुंकवाकडे. "माजा तवा हाय गॅसवर," ती म्हणाली, आणि तीळगुळाचा डबा तिथंच ठेवून जिना चढून गेलीसुद्धा.

कलावतीनं डब्याचं झाकण दाबून लावलं. बाहेरून लोकल गेली.

"अवो, हिकडं या," कलावती म्हणाली. "तो पांढरा मंग कशाला लटकवलात?"

"तुझ्यासाठी."

"मला काय पाईप बघायला आवडतो?"

गुणाजीनं मान खाली घातली. नखात अडकलेलं सिमेंट तो खरवडू लागला.

कलावतीनं स्टूल ओढलं आणि त्यावर टेकली, गुडघा चोळत. "माजिवड्याला न्हानीत फेस येतो," ती म्हणाली. "वरच्या बाईनं मशीन लावली की जाळीतून वर येतो, पांढरा शुभ्र. पयल्या आठवड्यातच आला. मी मेघनाला विचारलं, तर पोर म्हनाली, आई, सगळं एकाच पायपाला आहे इथं. सादं सांगितलंन तिनं. तिला काय म्हाईत."

"म्हंजे तुला ठावं होतं?"

"तुमी त्या दिवशी ते दार उघडून बघितलंत तवा मला वाटलं, आता बोलतील. आता बोलून मला घरी घेऊन जातील." ती थांबली. "नाय बोललात."

"तूबी नाय बोललीस."

"कशी बोलू? पोरीनं मन लावून घर मांडलंय."

दोघंही एकाच दाराच्या दोन बाजूंना तोंड मिटून उभे होते, हे गुणाजीला आत्ता कळत होतं, हळूहळू, थंडीत पाणी तापावं तसं.

"मंग इथं का नाय चाललं तुला?" त्यानं विचारलं. "तिथं चाललं ना?"

"तिथं मी पाव्हनी. पाव्हन्यानं विचारायचं नसतं पानी कुठं जातं ते. हे माझं घर हाय. हितं माझं पानी कुठं जातं ते मला म्हाईत पायजे. आनी तुमी मलाच फसवलंत, तेपन हळदीकुंकू लावून घेतलंत." शेवटी शेवटी तिचा आवाज कापला, आणि मग कसं कोण जाणे, त्यातच हसू फुटलं. "आख्ख्या बिल्डिंगला सांगून फसवलंत वो! असा चोर कुनी बघितलाय?"

गुणाजीलाही हसू आलं, पण ते त्यानं मिशीत ठेवलं.

"ऐका आता," कलावती म्हणाली. "देवाच्या अंघोळीचं पानी तुळशीला. तांदळाचं धुवन कढीपत्त्याला, त्याला लागतंच. ऱ्हायलं ते उष्टं-खरकटं. उष्ट्याला कुठलाबी पाईप चालतो. पन सरळ जोडा, हितं गॅलरीत, माझ्या डोळ्यासमोर. आनी खाली कसं जोडलंत ते?"

गुणाजीनं हातानं वळण दाखवलं.

"एवढं आडवं? भात अडकंल तिथं."

"अडकंल," गुणाजी कबूल झाला. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"मंग उद्याच काढा तो पांढरा."

"परत कापायला लागंल. परत सगळ्यांना सांगायला लागंल, तासभर..."

"मी सांगते. तुमचं कोन ऐकतो? म्हाताऱ्याच्या दोन्ही दारांना मी बसवते मानसं."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. सूरज होता. गुणाजीला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण काय विचारलं असेल ते कळत होतं. तो उभा राहिला तसाच, हात लटकलेले.

"नाय बांधले," कलावती फोनवर म्हणाली. "ते हितंच हायत. तू ये रे, जेवायला ये. मेघनाला आनी सान्वीलापन घेऊन ये. नाय, रागावले नाय. सान्वीला सांग, कपाट तुझ्या खेळन्यांना ठेव. मी येत जाईन की तिकडं, रविवारचं."

फोन ठेवून ती देव्हाऱ्यापाशी गेली, टाक ताम्हनात घेतले आणि त्यांच्यावर पाणी घातलं. खुंटीवरची पिशवी तिनं घडी करून कणकेच्या डब्याखाली सारली. मग कान देऊन मान वर केली. जिन्यात नळ फुसफुसत होते.

"अवो, पानी आलं. आज कमीच सोडतायत. पिंप भरा आदी, मंग बसा काय ते स्वप्नं बघत."

गुणाजीनं नळाला नळी लावली, पिंपाचं झाकण काढून भिंतीला टेकवलं, आणि तळाशी राहिलेलं कालचं पाणी तांब्यातांब्यानं बादलीत उपसू लागला.